गोविंदा आचाऱ्याचा राजवाडा

"तुमी तर लाल म्हनलं होतं," झुंबरबाई म्हणाली.

लंडनच्या राजवाड्याच्या काळ्या लोखंडी कुंपणाला धरून ती उभी होती. डोक्यावर पदर, पदरावरून लोकरीचा मफलर, पायात लेकीनं घेऊन दिलेले पांढरे बूट. समोर राखेच्या रंगाचा, खिडक्याच खिडक्या असलेला लांबलचक महाल होता आणि त्यात लाल म्हणावं असं काहीही नव्हतं.

गोविंदानं घसा खाकरला. "लालच होता. पन राणी गेली ना मांगं, पोरगा गादीवर बसला. त्यानं रंग देला असन."

"दगडाले रंग?"

"राजाच्या मनाचं आपन काय सांगावं?"

झुंबरबाईनं महालाकडं पुन्हा एकदा निरखून पाहिलं. तिला पटलं नव्हतं, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणाऱ्यांतली ती नव्हती. ती शेजारी उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईंकडं वळली. साताऱ्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या ह्या बाई सहलीत एकट्याच आल्या होत्या आणि विमानतळापासून झुंबरबाईच्या शेजारी बसत होत्या.

"आता पाहा ताई, बँड वाजन. मंग लाल कोटवाले शिपाई येतीन. त्यायच्या डोक्यावर अस्वलाच्या केसाची टोपी राह्यते, घागरीएवढी. त्यायले हसाची मनाई हाये. समोर किती बी माकडचेष्टा करा, हसत नाई. यायनं करून पाह्यल्या हायेत." आणि तिनं मानेनं नवऱ्याकडं खूण केली.

खरंच बँड वाजला. खरंच लाल कोटवाले आले. टोप्या घागरीएवढ्याच होत्या. अन्नपूर्णाबाईंनी गोविंदाकडं कौतुकानं पाहिलं. "चौदा वर्षं येताय म्हणजे तुम्हाला हे घरचंच झालं असेल, नाही?"

"तसंच म्हना," गोविंदा म्हणाला. खरं तर हा राजवाडा तो आज जन्मात पहिल्यांदा पाहत होता.

गोविंदा तसा खोटारडा माणूस नव्हता. बुलडाण्याजवळचं धाड हे त्याचं गाव. लग्नाच्या पंगतींचा आचारी म्हणून त्यानं सुरुवात केली, मग शेगावला एका भोजनालयात सात वर्षं काढली. तिथं एकदा पुण्याच्या एका सहल कंपनीचे मालक दर्शनानंतर जेवायला बसले. त्याच्या हातची पोळी खाल्ली, दुसरी मागवली, आणि तिसरीच्या वेळी त्यालाच बाहेर बोलावून घेतलं. मराठी माणूस जग पाहायला निघाला तरी संध्याकाळी त्याला वरण-भात लागतो, म्हणून ह्या कंपन्या प्रवाशांबरोबर आचारीही नेतात. एप्रिल लागला की गोविंदा पासपोर्ट, दोन लाटणी आणि काळ्या मसाल्याचे डबे घेऊन निघायचा, तो पावसाळा निम्मा सरल्यावर परतायचा. दर दहा-बारा दिवसांनी नवा गट, नवी तोंडं, पोळ्या त्याच.

ह्या चौदा वर्षांत त्यानं पाहिलेलं लंडन म्हणजे विमानतळ, सामानाच्या गाडीच्या मागच्या काचेतून दिसणारा रस्ता आणि एका कार्यालयाच्या तळघरातलं भाड्यानं घेतलेलं स्वयंपाकघर. पहाटे नाश्ता, मग दुपारचे डबे, मग संध्याकाळची कणीक. चौथ्या दिवशी पातेली गाडीत टाकून पॅरिस. एकदा, सातव्या की आठव्या वर्षी, दुपारभर सुट्टी मिळाली होती. गट सांभाळणारी पूनम म्हणाली होती, "जा मामा, फिरून या." गोविंदा बूट घालण्याआधी कांद्याच्या पोत्याला जरासा टेकला आणि जागा झाला तेव्हा पाच वाजून गेले होते.

मग हे राजवाड्याचं प्रकरण आलं कुठून? तर पहिल्या वर्षी तो परतला तेव्हा धाडच्या एसटी स्टँडवर रामराव पाटलांनी त्याला हटकलं. "काय बे गोविंदा, राणीचा महाल पाह्यला का?" भोवती दहा माणसं चहा पीत थांबलेली. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "हाव." एवढाच एक शब्द. पण त्या शब्दाला त्याला पुढं चौदा वर्षं पोसावं लागलं.

त्यासाठी त्यानं मेहनतही घेतली. संध्याकाळी गरम पोळ्या वाढायला तो स्वतः पंगतीत जायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "आज काय पाह्यलं?" दमलेला, भुकेला माणूस पुढ्यात गरम पोळी आली की भडाभडा बोलतो. कुणी त्याला टोपी दिली, कुणी खिडकी, कुणी धुराडी. गोविंदानं ते सगळं जपून गावी नेलं आणि आपली फोडणी घालून वाढलं. त्यात झुंबरबाईसारखं ऐकणारं कुणी नव्हतं. ती प्रवाशांच्या कधी डोक्यात न आलेलं विचारायची. एवढ्या महालात पाणी कुठून येते? लादी कोन पुसते? चूल केवढी हाये? तेव्हा गोविंदा मनचंच सांगायचा. "चूल म्हंजे आपल्या घराएवढी. आतमंधी बैल उभा राहीन." ती समाधानानं मान हलवायची. शेजारणींना ती हे सगळं असं सांगे की जणू तीच जाऊन आली आहे.

यंदा गुडघ्यांनी हात टेकले. गोविंदानं मालकांना सांगितलं, आता बस. मालक भला माणूस. ते म्हणाले, "शेवटची सहल तुमची, पण चुलीपाशी नाही. जोडीनं या आणि गाडीत बसा." झुंबरबाईनं तोवर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. तिचा चेहरा असा फुलला की गोविंदाला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

आज सकाळी हॉटेलच्या दारात त्यानं पूनमला एका बाजूला घेतलं होतं. "मॅडम, एक इनंती हाये. मी कवा बाहेर पडलो नाई, हे माह्या बायकोसमोर काढू नका." पूनमनं त्याच्याकडं पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मग नुसतंच म्हणाली, "नाही काढत, मामा."

कुंपणापाशी झुंबरबाई आता खिडक्या मोजत होती. "कोनत्या खिडकीतून राणीनं तुमाले हात हालवला होता?"

गोविंदानं बोट उचललं आणि ते कुठंतरी थांबवलं. "ती. डावीकडून तिसरी."

झुंबरबाईनं त्या खिडकीकडं पाहून हात जोडले. गेलेल्या माणसाला जोडतात तसे, डोळे मिटून. गोविंदाला वाटलं, पायाखालची फरशी निघावी आणि आपण थेट त्या तळघरात जाऊन पडावं.

गाडी तिथून निघाली ती शहराबाहेर, नदीच्या काठाकाठानं दुसऱ्या राजवाड्याकडं. झुंबरबाई खिडकीशी बसली होती. काही बोलत नव्हती. ती बोलेनाशी झाली की गोविंदाला सहा वर्षांपूर्वीचा जुलै महिना आठवायचा.

त्या वर्षी मे महिन्यात त्याची आई गेली. महिनाभर अंथरुणावर होती. तिला भरवणं, धुणंपुसणं, कूस बदलणं, सगळं झुंबरबाईनं एकटीनं केलं. अग्नी पुतण्यानं दिला, कारण पोटचा मुलगा लंडनला होता. जुलैत गोविंदा घरी आला तेव्हा पंधरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि निघून जायची. सोळाव्या दिवशी ती एकच वाक्य बोलली. "तुमी तिकडं महाल पाहत होते, अन् बुढी इकडं दाराकडं पाहत होती."

ह्यावर गोविंदापाशी उत्तर होतं. पण ते द्यायचं तर आधी तो जुना 'हाव' परत घ्यावा लागला असता. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलताना तिनंच एकदा विचारलं, "सांगा मंग, काय पाह्यलं औंदा?" गोविंदाला वाटलं, सुटलो. पण ती पूर्वीसारखी मध्येच हसत नव्हती, हे त्याला कळत होतं. राग गेला नव्हता, नुसता घडी घालून ठेवला होता. आणि आता तिला खरं कळलं तर तो राग दुप्पट होऊन बाहेर येईल, ही त्याची भीती होती. गाव हसलं तर हसू दे. पण जिच्या नजरेत आपण जग पाहिलेला माणूस आहोत, तिच्याच नजरेत आपण आई मरताना घरी नव्हतो आणि वर इतकी वर्षं खोटंही बोलत होतो, असं व्हायला नको होतं.

गाडी थांबली. पूनम माइकवर म्हणाली, "हॅम्प्टन कोर्ट. आठव्या हेन्री राजाचा राजवाडा. उतरा सावकाश."

झुंबरबाई उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

समोरचा महाल लाल होता. विटांचा, भाजक्या मडक्यासारखा लाल. दोन बाजूंना बुरूज, मधे कमान, आणि छपरावर धुराडीच धुराडी, एकीची नक्षी दुसरीला नाही. पुढं चौकात मोठं निळंसोनेरी घड्याळ. धाडच्या ओसरीवर बसून गोविंदानं जे जे सांगितलं होतं, ते ते सगळं इथं होतं.

"हा घ्या तुमचा लाल महाल," झुंबरबाई हळूच म्हणाली.

गोविंदाला तेव्हा कुठं उमगलं. प्रवाशांना एकाच दिवशी दोन राजवाडे दाखवायचे आणि संध्याकाळी जेवताना ते दोन्हींबद्दल बोलायचे. कुणी इथली धुराडी सांगितली, कुणी तिथली खिडकी. आणि त्यानं दोन पातेल्यांतलं एकात ओतलं होतं.

आतल्या चौकात एक दाढीवाला म्हातारा गाईड इंग्रजीत बोलत होता आणि पूनम मराठीत सांगत होती. झुंबरबाई पुढं झाली. "पूनमताई, यायले इचारा ना. राणी इथं राहे का तिकडं?"

पूनमनं विचारलं. म्हातारा आनंदानं सांगू लागला. पूनम मराठी करायला लागली, "ते म्हणतात, इथं राजघराण्यातलं कुणी राहून आता जवळजवळ तीनशे…" आणि मधेच तिची नजर गोविंदावर गेली. वाक्य तिथंच तुटलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"तीनशे वर्सं?"

"जवळपास," पूनम खाली पाहत म्हणाली.

झुंबरबाईनं मान हलवली. लाल महालात राणी नाही, आणि राणीचा महाल लाल नाही. तिनं धुराड्यांकडं बराच वेळ पाहिलं. तिनं भांडावं, विचारावं, काहीही करावं असं गोविंदाला वाटत होतं. ती नुसती पदर सारखा करून म्हणाली, "मले लघवीले जाचं हाये. चला, तुमाले जागा ठाऊक असन."

गोविंदा निघाला. पहिल्या कमानीतून उजवीकडं वळला, मग डावीकडं, मग एका लांब बोळात. कुठं जातो आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण थांबलं तर विचारणं आलं, म्हणून तो चालत राहिला. बायको दोन पावलं मागं. एका वळणावर त्याला उकडलेल्या बटाट्यांचा वास आला आणि पाय आपोआप तिकडं वळले. तसा वास त्याला आयुष्यभर एकाच ठिकाणी घेऊन गेला होता.

ते एका लहानशा अंगणात आले. उपाहारगृहाची मागची बाजू असावी. दुधाचे रिकामे कॅन, भाजीचे क्रेट, कचऱ्याचे दोन उंच डबे, आणि ॲप्रन बांधलेला एक जाडा गोरा माणूस भिंतीला टेकून उभ्या उभ्या पाव खात होता. त्यानं गोविंदाकडं पाहिलं. गोविंदाच्या हातांकडं पाहिलं, मनगटावरच्या भाजल्याच्या जुन्या डागांकडं. मग एक शब्दही न बोलता पायानं एक रिकामा क्रेट उलटा करून त्याच्याकडं सरकवला. गोविंदा बसला.

"हे काय हाये?" झुंबरबाईनं विचारलं. "इथं कुठं जागा हाये?"

"मले माईत नाई," गोविंदा म्हणाला. "मी इथं कवाच आलो नाई."

"एकदा बी?"

"एकदा बी नाई."

"अन् तो तिकडचा? सकाळचा?"

"तो बी आजच पाह्यला. तुह्या संगं."

झुंबरबाई उभी होती. जाडा माणूस पाव खात होता. "मंग चौदा वर्सं काय पाह्यलं तुमी?"

गोविंदानं हनुवटीनं क्रेट दाखवले, डबे दाखवले, भिंतीला टेकलेला माणूस दाखवला. "हे. हेच पाह्यलं. फक्त आमच्या तयघरात ऊन येत नव्हतं."

"राणीनं हात हालवला होता ना तुमाले."

"तो नाशिकच्या एका बाईले हालवला होता. तिनं सांगतलं, मी पोयी वाढत होतो."

झुंबरबाईच्या ओठांचा एक कोपरा हलला. गोविंदाला वाटलं, हसली. पण ते हसू पुरतं आलंच नाही. तिचा चेहरा एकदम उतरला आणि आवाज खाली गेला. "बुढी गेली तवा?"

"दोन गट आलते. चारशे पोया होत्या. दुपारी फोन आला. मंग…" त्यानं मनगटावरचा डाग चोळला. "मंग कनीक मळली. कोनी काई इचारलं नाई. समोर कांदा होता, डोये लाल दिसले तरी कोनाले काय समजते?"

अंगणात थोडं ऊन होतं. झुंबरबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"तवा काऊन नाई सांगतलं मले?"

"आंधी हाव म्हनलं होतं ना. मंग नाई कसं म्हनू?"

"मी तुमाले सहा वर्सं मनात राग धरून जेवू घातलं," झुंबरबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. "भाकर थापताना मनात येये, हा माणूस तिकडं मजा मारत होता. अन् तुमी तर माह्यासारखेच चुलीपाशी होते. माहा राग फुकट गेला सारा."

इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते असं समोर आलं, आणि ते भीतीसारखं नव्हतंच. त्याला नुसतं वाईट वाटत होतं, तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही. ह्या एका शब्दापायी आपण तिला सहा वर्षं एकटं पाडलं, हे त्याला तिथं, त्या उलट्या क्रेटवर बसून कळलं.

"चुकलं माहं," तो म्हणाला.

झुंबरबाईनं नाक पुसलं. "उठा आता. खरंच लागली हाये मले."

जाड्या माणसाला भाषा कळली नाही, पण झुंबरबाईची घाई कळली. त्यानं पाव खिशात कोंबला आणि दोघांना बाथरूमच्या दारापर्यंत पोचवून आला.

गट सापडला तेव्हा सगळे हेन्री राजाच्या स्वयंपाकघरात शिरत होते. दगडी भिंती, उंच छत, आणि एका भिंतीत चूल. चूल कसली, खोलीच. आत ओंडके पेटलेले होते, भोवती लोखंडी सळया, आणि त्या आगीपुढं माणसं लहान दिसत होती. गोविंदा दारातच खिळला.

"बैल उभा राहीन," झुंबरबाई म्हणाली.

"हे तर मी मनानं सांगतलं होतं," गोविंदा पुटपुटला. "हे मले कोनी नव्हतं सांगतलं."

तो चुलीजवळ गेला. धूर कुठून जातो ते पाहिलं, सळया पाहिल्या, राख कुठून काढत असतील ते वाकून पाहिलं. सकाळपासून खाली घातलेली मान वर झाली होती. त्यानं पूनमला सांगून गाईडला विचारलं, एवढ्या आगीपाशी माणूस किती वेळ बसायचा, पाणी कुठं ठेवायचे, किती पानं उठायची. म्हातारा खूश झाला. दिवसाला दोनदा शेकडो माणसं जेवायची म्हणाला. गोविंदानं मनात हिशेब करून मान हलवली. त्याला ते नवीन नव्हतं.

झुंबरबाईनंही एक विचारलं. "हे आचारी वरचा महाल पाहेत का?"

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. पूनमनं मराठी केलं, "ते म्हणतात, प्रत्येकाचं सांगता येणार नाही. पण वाढणारे वर जायचे. बहुतेक आचाऱ्यांचा दिवस इथंच जायचा."

"असंच राह्यते," झुंबरबाई म्हणाली. शेजारच्या घरातलं काही कळल्यासारखं.

मग सगळे जिना चढून वरच्या दरबारात गेले. गोविंदाचे गुडघे दुखत होते. झुंबरबाई एक पायरी मागं राहून चढत होती, हात त्याच्या पाठीला लावून. वर लाकडी छत होतं, कोरीव, जमिनीपासून इतकं उंच की मान मोडावी. गोविंदा मधोमध उभा राहून ते पाहत राहिला. लोक पुढं गेले तरी तो हलला नाही.

"कसा हाये?" तिनं विचारलं.

"मी सांगतलं त्याच्याहून बरा हाये."

संध्याकाळी साडेसहाला जेवणं झाली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. गोविंदा आणि झुंबरबाई अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी टेबलाशी बसले होते आणि गोविंदाला पायांचं काय करावं ते कळत नव्हतं, कारण ह्या वेळी तो कधी बसलेला नसायचा. त्याच्या जागी आता निवृत्ती होता. नांदुऱ्याचा, चाळिशीचा, शांत आचारी, गोविंदाच्याच हाताखाली तयार झालेला. तो गरम पोळी घेऊन आला आणि सवयीनं विचारलं, "काय पाह्यलं काका आज?"

गोविंदानं तोंड उघडलं. त्याआधी झुंबरबाईनं निवृत्तीला विचारलं, "तुमचं हे कितवं वर्स?"

"पाचवं."

"महाल पाह्यला का?"

निवृत्ती हसला. खाली पाहून त्यानं तिच्या पोळीवर तूप सोडलं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"अन् घरी बायकोले काय सांगता?"

"सांगतो काई बाई," तो म्हणाला आणि पुढच्या पानाकडं गेला.

झुंबरबाईनं पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. तिनं पूनमला हाक मारली. "ताई, उद्या गाडी कुठं जाते?"

"टॉवर ऑफ लंडन, मामी. उद्या तर सगळ्यात मोठं. राजाराणीचे मुकुट, कोहिनूर, सगळं तिथं आहे."

"मंग आमच्या जागेवर निवृत्तीले बसवा. डबे आमी दोघं करतो."

पूनम गोंधळली. "अहो मामी, पण ही तुमची सहल आहे. मामांची शेवटची. मुकुट पाहायचे राहतील."

"म्हून तर म्हनते," झुंबरबाई म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "काय म्हनता?"

गोविंदानं निवृत्तीकडं पाहिलं. तो दुसऱ्या टोकाला कुणालातरी वाढत होता, आणि कान मात्र इकडंच होते. "बसवा," गोविंदा म्हणाला. "त्याले खिडकीची जागा द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा निवृत्ती इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसला होता. शेजारच्या रिकाम्या सीटवर अन्नपूर्णाबाई येऊन बसल्या होत्या. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता. मग गोविंदा आणि झुंबरबाई तळघराच्या पायऱ्या उतरले.

झुंबरबाई दारातच थांबली. ट्यूबलाइट, घरघरणारा पंखा, भिंतीला लागून कांद्याची पोती, खिळ्याला लटकवलेलं शेगावच्या एका दुकानाचं जुनं कॅलेंडर. खिडकी नव्हती. तिनं सगळीकडं नीट पाहिलं, काल दरबारात पाहिलं होतं तितक्याच सावकाश. मग पोत्यांपाशी जाऊन एकावर हात ठेवला.

"इथंच झोपले होते का त्या दिवशी? सुट्टी होती तवा?"

"हाव."

तिनं पदर खोचला. मफलर काढून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. गोविंदानं कणीक मळली, तिनं लाटणं घेतलं. अडतीस माणसांचे डबे न्यायला दुपारी सामानाची गाडी येणार होती, वेळ थोडा होता. दहा-बारा पोळ्या झाल्या. तव्यावरची पोळी फुगली, त्यानं ती उलटवली.

"मुकुटाचं सांगा," झुंबरबाई म्हणाली.

"मी कुठं पाह्यला?"

"ठाऊक हाये मले. सांगा."

गोविंदानं तिच्याकडं पाहिलं. ती पोळी लाटत होती, नजर पोळपाटावर. सहा वर्षांत ती अशी बसली नव्हती, कान देऊन.

"आत अंधार राह्यते," त्यानं सुरुवात केली. "नुसता त्याच्यावरच उजेड. लाल मखमलीवर ठेवेल राह्यते तो. काचेच्या आत. अन् त्याच्या समोर थांबू देत नाई कोनाले, जमीनच सरकत राह्यते पायाखाली."

"जमीन सरकते?"

"पुण्याच्या एका मास्तरानं सांगतलं होतं."

"बरं. अन् केवढा हाये?"

गोविंदानं उलथनं खाली ठेवलं. पिठानं पांढरे झालेले दोन्ही हात वर केले आणि हवेत, माणसाच्या डोक्याएवढी जागा सोडून, स्थिर धरले. झुंबरबाईनं लाटणं थांबवलं आणि त्या दोन हातांच्या मधे पाहत राहिली.